कट्ट्यात पुरलेला आंबा

वाळूजच्या एका कारखान्यात मी एकतीस वर्षं तपासणी विभागात काढली. मशीनवरून निघालेला पार्ट हातात घ्यायचा, मोजायचा आणि पुढं जाऊ द्यायचा की बाजूला ठेवायचा ते सांगायचं, एवढंच काम. इतकी वर्षं घरी मी जेवायला आणि झोपायलाच येत होतो. निवृत्त झालो त्या उन्हाळ्यात दिवसभर घरी बसल्यावर पहिल्यांदा अंगणाकडं नीट बघितलं. नुसता फुफाटा आणि पाचोळा. माझ्यासारख्या मोजूनमापून काम केलेल्या माणसाला ते बघवेना.

अंगणात मोठं असं एकच झाड, आंब्याचं. घर बांधलं त्या वर्षी बायकोनं माहेराहून, फर्दापूरहून, त्याचं रोप डालड्याच्या डब्यात आणलं होतं. माझे सासरे फर्दापूरच्या फाट्यावर चहाची टपरी चालवायचे. अजिंठ्याची लेणी बघून थकलेले लोक तिथं टेकायचे. टपरीमागं कुणीतरी फेकलेल्या कोयीतून ते रोप आपोआप उगवलं होतं. साधा रायवळ आंबा. पिकल्यावर धाग्यांनी दात भरायचे, पण कैरी लोणच्याला पक्की. एप्रिल लागला की गल्लीतल्या बायका पिशव्या घेऊन यायच्या, आणि माझी बायको शिलाई मशीन बंद करून आकडी हातात घ्यायची.

तर त्या उन्हाळ्यात मी अंगणाचं काम काढलं. गवंडी बोलावून फाटकापासून पायरीपर्यंत पेव्हर ब्लॉक बसवून घेतले. आंब्याभोवतीचा गोल कट्टा मात्र मी स्वतः बांधला. दीड फूट उंच, वर निळ्या-पांढऱ्या फरशीच्या तुकड्यांची नक्षी. आतली पोकळी वाया जाऊ नये म्हणून काळी माती आणून खोडाभोवती काठोकाठ भरली आणि त्यात मोगरा लावला. नळाला पाणी आमच्याकडं कधी पाच दिवसांनी येतं, कधी आठ. मधले दिवस बोअरवर काढायचे. म्हणून स्वयंपाकघरातल्या पाणी शुद्ध करायच्या मशीनमधून जे पाणी वाया जातं, त्याचीही नळी मी थेट कट्ट्यात आणून सोडली. थेंबभर पाणी वाया जात नाही, हे येणाऱ्या-जाणाऱ्याला मी कौतुकानं दाखवायचो. संध्याकाळी आम्ही दोघं त्या कट्ट्यावर चहा प्यायचो. फार बरं वाटायचं.

पहिलं वर्ष काही झालं नाही. मोगरा मात्र सुकला. दुसऱ्या वर्षी मोहर आला, पण कैऱ्या लिंबाएवढ्या होऊन गळून गेल्या. तिसऱ्या वर्षी दिवाळीनंतर पानं गळायला लागली. आंबा असा एकदम पानं टाकत नाही. शेंड्याकडच्या फांद्या उघड्या पडल्या, राहिलेली पानं लहान आणि कडेनं करपलेली, आणि खोडावर दोन-तीन जागी तपकिरी डिंक ओघळलेला.

मी माझ्या पद्धतीनं कामाला लागलो. एक वही केली. रोज सकाळी गळलेली पानं मोजायची, फांद्यांना खडूनं आकडे घालायचे, फोटो काढायचे. ते फोटो घेऊन खताच्या दुकानात गेलो. दुकानदारानं फोटोवर बोट फिरवून फवारणीचं औषध दिलं. ते मारलं. वर दोनदा युरिया घातला, कारण पानं पिवळी म्हणजे खत कमी, असं मला वाटत होतं. पानं आणखी गळली. शेजारचे म्हणाले, "झाडाचं वय झालं असेल. तोडून टाका, जागा मोकळी होईल." सव्वीस-सत्तावीस वर्षं हे आंब्याचं काही वय नव्हे, एवढं मलाही माहीत होतं. 

 मशीनवर ब्लाऊज शिवता शिवता बायको खिडकीतून झाडाकडं बघायची आणि पुन्हा मान खाली घालायची. तिच्या आईवडलांच्या माघारी फर्दापूरची म्हणून तेवढीच एक गोष्ट तिच्याजवळ उरली होती.

संक्रांत होऊन गेली तरी मोहराचा पत्ता नव्हता. त्या आठवड्यात माझा एक जुना सहकारी घरी आला. तो माझ्याच हाताखाली काम शिकलेला, आमच्या मागच्या गल्लीत राहणारा. मूळचा सिल्लोडचा, मुसलमान. आला की नेहमी "जयभीम सर" म्हणायचा आणि मी "सलाम" म्हणायचो. या वेळी त्यानं हाताला धरून एका म्हाताऱ्याला आणलं होतं. हिरवट काळा चष्मा, डोक्याला पांढरा रुमाल, पाय जपून टाकणारे.

"हे माझे अब्बा," तो म्हणाला. "मोतीबिंदू काढलाय चार दिवसांपूर्वी. एका डोळ्याचं झालं, दुसरा बाकी आहे. घरी एकटे बसून कंटाळतात. मी ड्यूटीवर, बायको शाळेवर. सर, दुपारपर्यंत तुमच्याकडं बसू देता का?"

"बसू दे की," मी म्हणालो. "चाचा, या."

"आयुष्यभर सरकारी रोपवाटिकेत कलमं बांधलीत त्यांनी," तो जाता जाता म्हणाला. "तुमच्या आंब्याचं त्यांना सांगितलंय मी."

मी चाचांना अंगणात प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसवलं. त्यांनी तोंड झाडाकडं केलं.

"मला तर नुसता ढग दिसतोय, साहेब," ते म्हणाले. "डाक्टरनं वाकायचं नाय म्हणून सांगितलंय, धूळ जाऊ द्यायची नाय, जड उचलायचं नाय. म्हणून डोळे तुमचे आन् हात पण तुमचे. मी इचारतो, तुम्ही सांगा."

त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो मला अनपेक्षित होता. "पानं सोडा. झाड जमिनीत जातं तिथं कसं दिसतं?"

"कसं म्हणजे? सरळ जातं."

"खांबावानी?"

"हो."

"मला तिथं न्या."

हाताला धरून मी त्यांना झाडापाशी नेलं. त्यांनी छातीच्या उंचीवर खोडाला तळवा लावला आणि न वाकता, गुडघ्यांत थोडं बसत, हात खाली सरकवत नेला. बोटं मातीला लागली. मग कट्ट्याच्या फरशीला.

"हे काय?"

"कट्टा आहे चाचा. मी बांधलाय."

"आत किती माती हाय?"

"दीड फूट."

"कवा भरली?"

"तीन वर्षं होतील मे महिन्यात."

त्यांनी हात काढून घेतला आणि रुमालाला पुसला. आवाज अगदी मवाळ होता. "साहेब, झाडाला पाय असतेत. खाली खोड फाकतं, मुळं वळवून उभं ऱ्हातं ते. ती जागा हवेत पायजे. ही साल उघड्यावर जगणारी हाय, मातीत ऱ्हायची तिला सवय नाय. तीन वर्षं हे झाड गुडघ्यापर्यंत गाडलेलं हाय. वर कशाला बघता?"

 कारखान्यात एखाद्या लाइनवर अचानक खराब माल निघायला लागला, की मी पहिला प्रश्न हाच विचारायचो: शेवटचं चांगलं निघत होतं, त्यानंतर काय बदललं? नवीन पोरांना हेच शिकवायचो. चाचांच्या मुलालाही हेच शिकवलं होतं. आणि इथं वहीची तीस पानं भरली, पानं मोजली, पण स्वतः बांधलेल्या कट्ट्याकडं बोट दाखवायचं माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं.

चाचा थांबले नव्हते. "आता पानाची कड कशी हाय सांगा."

"करपलेली. शेंड्याकडून आत येत गेलेली."

"पाणी कुठलं घालता?"

मी नळीबद्दल सांगितलं. त्यांनी ते पाणी वाटीत मागवलं, बोट बुडवून जिभेवर ठेवलं आणि थुंकले. "खारं हाय. बोअरचं मीठ मशीन काढतं आन् समदं या पाण्यात सोडतं. आन् खत?"

"युरिया. दोनदा."

चाचा थोडं हसले. "ताप आलेल्या माणसाला कोणी मटण वाढतं का, साहेब?"

दारात उभी राहून बायको हे सगळं ऐकत होती.  ती आत जाऊन घड्याळ बघून आली आणि चाचांच्या डोळ्यात थेंब घातले. मुलगा जाताना औषधाची पिशवी तिच्याकडं देऊन गेला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी छन्नी-हातोडा घेऊन कट्ट्यापाशी बसलो. खरं सांगायचं तर पहिला घाव घालायला जड गेलं. फरशीचा एकेक तुकडा मी स्वतः घासून बसवला होता. चाचा खुर्चीवर, तोंड भिंतीकडं करून बसले होते, डोळ्यात धूळ जाऊ नये म्हणून बायकोनं त्यांना तिची ओढणी चेहऱ्याभोवती गुंडाळून दिली होती. दुपारपर्यंत अर्धा कट्टा पडला. मग माती.

"कुदळ नाय," ओढणीआडून आवाज आला. "खुरपं घ्या. साल नरम असंल, लागंल तिला."

मी खुरप्यानं आणि नंतर नुसत्या हातानं माती काढत गेलो. वरची माती कोरडी होती, खालची चिकट काळी आणि तिला तुंबलेल्या मोरीसारखा वास. चाचांना तो वास खुर्चीवर बसल्या जागी आला. "हां," एवढंच म्हणाले. खोडाला बारीक बारीक मुळं फुटली होती, जिथं मुळं असायला नको तिथं. तिसऱ्या दिवशी जुनी जमीन लागली आणि खोड फाकलेलं दिसलं. जाड मुळं चारी बाजूंना निघाली होती. तीन वर्षांनी ती उजेडात आली. एका अंगाची साल, नळीचं पाणी जिथं पडायचं त्या बाजूची, काळी पडली होती आणि बोटानं दाबली तर आत जात होती.

"नखानं खरवडा," चाचा म्हणाले. "आत हिरवं-पांढरं निघालं तर जितं. तपकिरी निघालं तर मेलं. फिरत फिरत सगळीकडं बघा आन् मला सांगा."

मी गुडघ्यांवर बसून खोडाभोवती फिरलो. जितं. जितं. मेलं. मेलं. जितं. खडूनं खुणा केल्या. शेवटी हिशोब असा निघाला, की साधारण तिसरा हिस्सा साल गेलेली आणि दोन हिस्से शाबूत.

"दोन हिस्से लई झाले," चाचा म्हणाले. "मी तर सध्या अर्ध्या डोळ्यावर हाय."

मेलेली साल बोथट सुरीनं, जितं लागेपर्यंतच, काढायची होती. त्याच्या पुढं जायचं नाही. त्या कामात मला दोन दिवस गेले. असं काम मला जमतं. एकतीस वर्षं हाताला मिलिमीटरच्या भागांची सवय होती. ते करतानाच खोडावर, डिंक ओघळलेल्या जागी, मला पेन्सिल जाईल एवढी भोकं दिसली. खाली लाकडाचा ताजा भुसा पडलेला.

"अळी," चाचा म्हणाले. "झाड कमजोर झालं की येतेच. सायकलची तार हाय का?"

सायकल नव्हती. स्कूटरच्या क्लचची जुनी तार निघाली. टोक वाकवून हूक केला, भोकात सारला, फिरवला. पहिल्या भोकातून भुसाच निघाला. दुसऱ्यात तार अडकली. हळूहळू ओढली तर करंगळीएवढी पांढरट जाड अळी बाहेर आली, डोकं तपकिरी. बायकोनं तोंडाला पदर लावला.

"निघाली का?" चाचांनी तळहात पुढं केला. "इथं ठेवा."

मी ठेवली. त्यांनी अंगठ्यानं तिला चाचपलं, जाडी बघितली. "मोठी हाय. हिनं लई खाल्लं." मग हात झटकून ते बायकोला म्हणाले, "बेटी, साबण दे."

राहिलेल्या भोकांत औषधात भिजवलेला कापूस कोंबून वर चिखल लिंपला. मग मोरचूद आणि कळीच्या चुन्याचं मलम करायचं होतं. झाडांच्या जखमांना बागायतदार पिढ्यान्पिढ्या तेच लावतात. दोन वेगळ्या प्लॅस्टिकच्या बादल्यांत दोन्ही भिजवायचं, लोखंडाचं भांडं चालत नाही. निळं आणि पांढरं मिसळलं की सुंदर आकाशी रंग येतो. चाचांनी मला एक स्वच्छ खिळा त्यात बुडवून काढायला सांगितला.

"खिळ्याला तांबूस पुट चढलं का?"

"चढलं."

"मग चुना कमी हाय. अजून टाका."

चुना टाकला, दुसरा खिळा बुडवला. तो तसाच कोरा निघाला. माल पास. मला त्या परीक्षेचा इतका आनंद झाला, की मी आणखी दोन खिळे बुडवून बघितले. चाचा हसायला लागले. "पुरे साहेब. खिळ्याला नाय लावायचं, झाडाला लावायचंय."

खोड खालून छातीपर्यंत आकाशी झालं. पेव्हर ब्लॉक उपटायचं काम राहिलं होतं. फांद्यांचा घेर जिथवर जातो तिथवर मुळांना श्वास पाहिजे, आणि पाणीही तिथंच द्यायचं, बुंध्याशी नाही. बायकोनं फाटकापासून पायरीपर्यंत स्कूटरपुरती एक पट्टी राखून घेतली. बाकी सगळे ब्लॉक मी उपटून भिंतीलगत रचले. उघड्या जमिनीवर आंब्याचाच वाळलेला पाला पसरला. मला ज्याचा वीट आला होता तोच पाचोळा मी आता गल्लीतून पोत्यात भरून आणत होतो.

त्या दिवसांतच एका संध्याकाळी मी बायकोला विचारलं, "कट्टा बांधताना तुला काही वाटलं नव्हतं?"

ती सुईत दोरा ओवत होती. "वाटलं होतं. आमचे बाबा झाडाच्या बुडाशी कधी काही टाकू द्यायचे नाहीत. टपरीची राखसुद्धा लांब टाकायला लावायचे."

"मग बोलली का नाहीस?"

"एवढ्या वर्षांत घरात पहिल्यांदा तुम्ही स्वतःच्या हातानं काही करत होते," ती म्हणाली. "गाणं गुणगुणत होते. मी म्हटलं, असू द्या."

 मी गाणं गुणगुणत होतो हे मला माहीतही नव्हतं. "आता बोलत जा," मी म्हणालो. ती म्हणाली, "बोलीन." आणि तेव्हापासून बोलते. बऱ्यापैकी बोलते.

चाचा पाच आठवडे शहरात होते. रोज सकाळी नऊच्या सुमारास मुलगा त्यांना सोडून जायचा. त्यांच्या डोळ्यात थेंब घालायचे, अकराचा आणि एकचा चहा द्यायचा, हे सगळं बायकोकडं. ते सांगायचे, रोपवाटिकेत हंगामात एका दिवसात किती कलमं बांधायचे, आंब्याच्या कोवळ्या कांडीला चाकू कसा लावायचे. काम संपलं होतं. आता फक्त थांबायचं होतं, आणि तेच मला जमत नव्हतं. रोज उठून मी फांद्या तपासायचो. "थोडं शेणखत तरी?" मी विचारायचो. "नवं पान येऊ द्या आधी," ते म्हणायचे. "झाड त्याच्या घाईनं चालतं, तुमच्या नाय."

होळीच्या आधी त्यांना नंबरचा चष्मा मिळाला आणि ते सिल्लोडला परत गेले. तोवर एकही पान फुटलं नव्हतं. जाताना त्यांनी एका डोळ्यानं झाड बघितलं, मला बघितलं. "तुम्ही आवाजावरून जाडजूड वाटले होते," ते म्हणाले.

ते गेल्यावर दहा-बारा दिवसांनी बायकोनं मला हाक मारून उठवलं. खालच्या एका फांदीवर तांबूस, लुसलुशीत पानांचा झुबका आला होता. मी लगेच फोन लावला.

"रंग सांगा," चाचा म्हणाले.

"तांबडा. तांब्यासारखा."

"पहिली पानं साठवलेल्या अन्नावर येतेत. हिरवी होऊन टिकली की मग सांगा."

ती टिकली. पण सगळं काही वाचलं नाही. रस्त्याच्या बाजूची सर्वांत मोठी फांदी, कुजलेल्या सालीच्या बरोबर वरची, त्या उन्हाळ्यात पूर्ण वाळली. परवानगी काढून, माणूस बोलावून ती कापावी लागली. बायकोच्या माहेरची माणसं आली की याच फांदीखाली चटया टाकून बसायची. कापून झाल्यावर तिच्याशिवाय झाड एका अंगाला झुकल्यासारखं दिसायला लागलं, आणि दुपारचं ऊन थेट पायरीवर येऊ लागलं. बायको दोन दिवस खिडकीत बसली नाही. मशीन तिनं आतल्या खोलीत हलवलं. तिसऱ्या दिवशी स्वतःच परत आणलं. मी कापलेल्या जागेवर मलम लावत होतो तेव्हा ती खाली बादली धरून उभी राहिली.

पुढचं सबंध वर्ष आम्ही फक्त पाणी दिलं. भाजी धुतलेलं, तांदूळ धुतलेलं, आणि नळ आला की नळाचं, घेराच्या कडेनं गोल फिरवून. मशीनच्या पाण्याची नळी मी मोरीत सोडली. आता ते पाणी वाया जातं आणि मी कुणाला दाखवत नाही. पावसाळ्यानंतर थोडं शेणखत घातलं, चाचांना फोनवर विचारून. पानं हळूहळू मोठी होत गेली. वही मी कधी बंद केली, मलाच आठवत नाही.

त्या वर्षीच्या दिवाळीनंतर चाचा दुसऱ्या डोळ्यासाठी आले. ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ते घरी आले आणि मुलाचा हात सोडून सरळ झाडापाशी गेले. या वेळी वाकायला मनाई नव्हती, अजून एक दिवस होता. ते उकिडवे बसले, बुंध्याची मुळं बघितली, मेलेल्या भागाच्या कडेनं नवी साल वळून आत येत होती तिच्यावरून बोट फिरवलं. 

"कसं आहे?" मी विचारलं.

"मेलेली साल चांगली काढलीत तुम्ही," ते म्हणाले. "माझ्यापेक्षा साफ." मग बायकोला म्हणाले, "बेटी, याला अजून दोन वर्षं फळाचा तगादा लावू नको."

तिनं काही तगादा लावला नव्हता. पण त्याच्या पुढच्याच जानेवारीत, चाचांच्या हिशोबाच्या आधी, दोन फांद्यांवर मोहर आला. फार नाही. बायको म्हणाली, झाडून टाकावा का, झाडाला त्रास नको. मी फोन केला. चाचा म्हणाले, जेवढा धरतो तेवढा धरू द्या, नाही झेपलं तर ते स्वतः टाकेल. बरंच टाकलं त्यानं. एप्रिलमध्ये बायकोनं आकडीनं एकेक कैरी उतरवली, खाली पडून डाग लागू नये म्हणून मी जुनी चादर धरून उभा होतो. बावीस निघाल्या. शेजाऱ्यांना दोन दिल्या. ते म्हणाले, "आम्ही तर म्हणत होतो तोडा म्हणून." बायको म्हणाली, "हो, म्हणत होता तुम्ही," आणि हसली.

त्यातल्या बारा पिशवीत घेऊन आम्ही दोघं एसटीनं सिल्लोडला गेलो. रस्त्याच्या कडेनं मका वाळत पडला होता, त्याच्या पिवळ्या ढिगांवर बायका पाय ओढत फिरत होत्या. चाचांचं घर गावाबाहेर, मागं थोडी जमीन. दोन्ही डोळ्यांनी बघणारे चाचा मला ओळखू येईनात, पहिल्यापेक्षा तरुण दिसत होते. त्यांच्या बायकोनं लगेच एक कैरी चिरली, मीठ-तिखट लावून ताटलीत ठेवली.

चाचांनी फोड तोंडात टाकली आणि डोळे मिटले. "लई आंबट हाय," ते म्हणाले.

"रायवळच ना," माझी बायको म्हणाली.

"व्हय. म्हणून तर लोणच्याला." त्यांनी आणखी एक फोड घेतली, मग माझ्याकडं ताटली सरकवली.

जेवून, जमीन बघून, चारच्या गाडीनं आम्ही परत निघालो. चाचांच्या बायकोनं आमच्या पिशवीत त्यांच्या शेतातल्या भुईमुगाच्या शेंगा भरून दिल्या होत्या, पिशवी येताना होती त्याहून जड झाली होती. गाडीला गर्दी नव्हती. खिडकीतून गरम वारा येत होता. बायकोनं एक शेंग फोडली, एक दाणा मला दिला, एक स्वतः खाल्ला. घर येईपर्यंत आमचं तेच चाललं होतं, आणि टरफलं ती पिशवीच्या एका कोपऱ्यात जमा करत होती. "आंब्याखालच्या पाल्यात टाकू," ती म्हणाली.